डॉ. जॉन विल्सन : मंडळीतील फुटीच्या काळचा एक विश्वासू सेवक

मुंबईस चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून उभे असलेले विल्सन कॉलेज आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. ज्यांची मुले तेथे शिकली अशीही घरे आपल्या मंडळ्यांत आहेत. परंतु ज्या सत्पुरुषाचे नाव त्या विद्यालयास दिले आहे, त्यास व त्याच्या सोबत्यांस एकदा नवे बांधलेले विद्यालय दुसऱ्यांच्या स्वाधीन करून भाड्याच्या जागेत जावे लागले होते, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. ती जागा कोणी विधर्मी राजाने हिरावून घेतली नव्हती. एकाच प्रभूस मानणाऱ्या, एकच पवित्र शास्त्र वाचणाऱ्या व एकाच देशातून आलेल्या बंधूंत फूट पडली, आणि तिच्यापायी ती गेली.

मुळशी तालुक्यातील नेरे व त्याच्या आसपासची गावे येथील बंधुभगिनींशी बोलताना एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो. शहरात वडील मंडळींचे वाद होतात, एका मंडळीच्या दोन सभा भरतात, जमिनीचे व मंदिराचे कागद न्यायासनापुढे जातात. अशा वेळी चार घरांच्या गावच्या मंडळीने काय करावे, कोणाच्या बाजूस उभे राहावे व आपला विश्वास कसा राखावा, असा तो प्रश्न आहे. ह्याचे उत्तर नुसत्या उपदेशाने देण्यापेक्षा ज्याने असा प्रसंग स्वतः भोगला त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. म्हणून डॉ. जॉन विल्सन ह्यांची हकीकत आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

जन्म, शिक्षण व पाचारण

जॉन विल्सन ह्यांचा जन्म ता. ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडातील लॉडर ह्या लहानशा गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या प्रांतात शेते व मेंढवाडे फार. लोक कष्टाळू, शास्त्र वाचणारे व घरोघर प्रार्थना करणारे. तथापि त्या देशाच्या मंडळीस फुटीची व्यथा जुनीच होती. १७३३ साली एक गट मुख्य मंडळीतून निघाला, आणि १७४७ साली एका शपथेवरून त्या निघालेल्या गटाचेही दोन भाग झाले. एकच स्तोत्रे गाणारे शेजारी रविवारी निरनिराळ्या दारांनी आत जात, हा देखावा स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत नित्याचा होता. अशा देशात हा मुलगा लहानाचा मोठा झाला.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते एडिंबरो येथील विश्वविद्यालयात गेले. तेथे शिकत असताना परदेशी सुवार्ता सांगण्याची इच्छा त्यांच्या मनात बळावली. १८२८ साली त्यांस दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मार्गारेट बेन ह्या सुशिक्षित व भक्तिमान बाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि १८२९ च्या फेब्रुवारीत ते उभयता मुंबई बंदरात उतरले. प्रथम त्यांनी कोकणात बाणकोट व हर्णै येथे राहून मराठीचा अभ्यास केला. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, फारसी व संस्कृत ह्या भाषाही त्यांनी हस्तगत केल्या. ज्या लोकांशी बोलावयाचे त्यांची भाषा व त्यांचे ग्रंथ आधी शिकावे, मग बोलावे, असा त्यांचा नियम होता.

१८३१ साली त्यांनी मुंबईत अवघ्या आठ सभासदांची एक मंडळी स्थापिली. १८३२ साली ज्या इंग्रजी शाळेचा आरंभ झाला तिचेच रूप आजचे विल्सन कॉलेज होय. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे म्हणजे घरावर अरिष्ट ओढवून घेणे असे लोक समजत, त्या काळी त्यांनी ते काम केले. १८३५ च्या एप्रिलात त्या प्रभूकडे गेल्या. पुढे त्यांच्या बहिणींनी येऊन त्या शाळा चालविल्या. त्याच वर्षी हे मिशन एका खाजगी संस्थेकडून स्कॉटलंडच्या राजमान्य मंडळीकडे आले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व संकटाचे मूळ तीत आहे.

१८३९ साली धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला. सर्व मुंबई खवळून उठली. प्रकरण न्यायासनापुढे गेले आणि शाळेतील बहुतेक मुले आईबापांनी काढून नेली. डॉ. विल्सन ह्यांनी शाळा बंद केली नाही व कटुपणाही धरला नाही. राहिलेल्या थोड्या मुलांस घेऊन त्यांनी पुन्हा धडा सुरू केला, आणि हळूहळू शाळा भरली. मोठ्या परीक्षेपूर्वी देव आपल्या सेवकास लहान परीक्षेत तयार करतो, असे हा प्रसंग पाहिल्यावर आम्हांस वाटते.

फूट कशामुळे पडली

आता १८४३ सालची ती फूट काय होती हे गावच्या वाचकांस समजेल अशा रीतीने सांगितले पाहिजे. स्कॉटलंडात पुष्कळ ठिकाणी मंडळीचा पाळक नेमण्याचा हक्क तेथील मोठ्या जमीनदाराकडे असे. हा हक्क आपल्याकडील वतनासारखा वंशपरंपरा चाले व विकतही घेता येई. जमीनदार भक्तिमान असो वा नसो, तो ज्यास पाठवील त्याचा उपदेश मंडळीने ऐकावा, अशी वहिवाट होती. १८३४ साली मंडळीच्या महासभेने असा ठराव केला की, कुटुंबप्रमुखांपैकी बहुसंख्य पुरुषांस जो पाळक नको असेल तो त्यांच्यावर लादू नये. लवकरच ऑक्टरार्डर नावाच्या गावी ह्या ठरावाची कसोटी लागली. तेथे ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी जमीनदाराच्या माणसास नापसंती दर्शविली व केवळ दोघांनी त्यास बोलावणे लिहून दिले. तरीही सरकारी न्यायालयांनी जमीनदाराचाच हक्क खरा धरला. तेव्हा मंडळीचा धनी कोण, प्रभू ख्रिस्त की सरकारचे न्यायालय, असा प्रश्न पुष्कळांच्या विवेकबुद्धीपुढे उभा राहिला.

ता. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो शहरात महासभा भरली असता सभापती डॉ. वेल्श ह्यांनी निषेधाचा कागद वाचून दाखविला, तो मेजावर ठेवला व ते उठून चालू लागले. त्यांच्या मागोमाग रांगेने पाळक बाहेर पडले. दुसऱ्या एका मोठ्या दिवाणखान्यात जमून त्यांनी डॉ. टॉमस चामर्स ह्यांस सभापती नेमले व फ्री चर्च, म्हणजे स्वतंत्र मंडळी, स्थापिली. सुमारे १,२०० पाळकांपैकी ४७० च्या वर पाळकांनी आपले वेतन, राहते घर व मंदिर सोडले. घर सुटणे म्हणजे काय हे मुळशीच्या लोकांस सांगावयास नको; १९२१ साली धरणाकरिता जमिनी जाऊ लागल्या तेव्हा ह्याच मुळशी पेट्यात सत्याग्रह झाला होता. येथील लोकांवर घर सोडण्याची जबरदस्ती होती; त्या पाळकांनी मनाच्या साक्षीकरिता आपण होऊन घर सोडले. दुःख मात्र दोन्हीकडे तेच.

त्याबरोबर हेही सांगणे न्यायाचे होईल की, जे मागे राहिले ते सर्व लोभी किंवा अविश्वासू होते असे नव्हे. जुने घर सोडण्यापेक्षा त्यात राहून ते सुधारावे, असे त्यांतील पुष्कळ भल्या लोकांस प्रामाणिकपणे वाटत होते.

मुंबईवर आलेला प्रसंग

ही घटना घडली तेव्हा डॉ. विल्सन स्कॉटलंडात नव्हते व मुंबईतही नव्हते. प्रकृती बिघडल्यामुळे १८४३ च्या जानेवारीत ते धनजीभाई नवरोजी ह्यांस बरोबर घेऊन मुंबईहून निघाले होते, आणि मिसर, सिनाय व पवित्र भूमी ह्या मार्गाने स्वदेशाकडे जात होते. प्रवासातच त्यांनी आपले मन ठरविले व फ्री चर्चच्या बाजूने राहण्याचे कळविले. त्यांचे सोबती मुंबईत रॉबर्ट नेसबिट व मरे मिचेल, पुण्यात जेम्स मिचेल, कलकत्त्यात अलेक्झांडर डफ, मद्रासेत जॉन अँडरसन. ह्या सर्वांनी स्वतंत्रपणे तोच निर्णय केला. हिंदुस्थानातील राजमान्य मंडळीचे सगळे मिशनरी एकजात नव्या मंडळीकडे आले.

परंतु मालमत्ता त्यांच्याबरोबर येऊ शकत नव्हती. कायद्याने ती जुन्या मंडळीची होती. मुंबईत विद्यालयाची नवी इमारत नुकतीच पुरी होत आली होती. तिच्याकरिता डॉ. विल्सन ह्यांनी किती खटपट केली, किती दारे ठोठावली! ज्या इमारतीत शिकविण्याचा आनंद अजून भोगलाही नव्हता ती सोडावी लागली. ग्रंथसंग्रह व शास्त्रीय उपकरणे ह्यांवरचाही हक्क गेला. ह्यात अन्याय आहे असे मिशनरींस वाटले. परंतु त्यांनी इमारतीच्या किल्ल्या अडवून धरल्या नाहीत, दारावर दोन कुलुपे लाविली नाहीत, की मंडळीतील लोकांस जमवून दंगा उभा केला नाही. शिक्षक व विद्यार्थी ह्यांस घेऊन ते बाहेर पडले व भाड्याच्या जागेत वर्ग भरवू लागले. स्वतःची नवी इमारत त्यांस खेतवाडीत १८५५ साली मिळाली, म्हणजे मध्ये सुमारे बारा वर्षे गेली.

ह्या ठिकाणी आमच्या वाचकांनी थोडे थांबून एका गोष्टीचा विचार करावा. मुंबईत, पुण्यात किंवा कोकणात स्कॉटलंडसारखा पाळक नेमणारा जमीनदार कोणी नव्हता. ज्या भांडणाने मंडळी दुभंगली त्या भांडणाचे कारणच ह्या देशात अस्तित्वात नव्हते. येथील मूठभर नवख्या ख्रिस्ती लोकांनी सर्वस्व सोडून प्रभूस धरले होते. त्यांस स्कॉटलंडच्या वतनाशी काय कर्तव्य? त्यांचे मत कोणी घेतले नव्हते. तरी तेव्हापासून त्यांच्या एकाच शहरात स्कॉटिश मंडळीची दोन मिशने व दोन विद्यालये झाली. दूरच्या वडिलांचे भांडण लेकरांच्या ताटापर्यंत कसे येते, ह्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. डॉ. विल्सन ह्यांचा आम्ही कितीही आदर केला, तरी ही गोष्ट झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही.

तथापि देवाचे काम थांबले नाही. त्याच १८४३ साली, मिशनचे घर जाण्याच्या त्या वर्षी, नेसबिट साहेबांच्या हातून नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. हेच पुढे दीक्षित पाळक झाले. जालन्याकडे त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले, आणि हजारो दीनदुबळ्यांस सुवार्ता सांगितली. इमारत गेली त्या वर्षी देवाने असा माणूस दिला. ह्या दोहोंत मोठे काय, हे आता वाचकांनीच ठरवावे.

उणीव असता नवे काम

स्कॉटलंडात पोहोचल्यावर डॉ. विल्सन ह्यांनी काय केले? नवी मंडळी त्या वेळी दरिद्री होती. तिला शेकडो मंदिरे व पाळकांची घरे बांधावयाची होती, वेतनाची तजवीज करावयाची होती. अशा वेळी परदेशी मिशन काही वर्षे आवरते घ्यावे असे कोणी म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता. डॉ. विल्सन गावोगाव हिंदुस्थानची गरज सांगत फिरले. इतकेच काय, नागपुरास नवे मिशन घालण्याकरिता विल्यम हिल नावाच्या एका सैनिकी अधिकाऱ्याने मोठी रक्कम देऊ केली होती, ती स्वीकारण्यास त्यांनी मंडळीस प्रवृत्त केले. त्याचे फळ म्हणून स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपुरास पोहोचले. तेथील हिस्लॉप कॉलेज आज त्यांचेच नाव सांगते. स्वतःचे छप्पर गेले असता दुसऱ्या प्रांतात दिवा लावण्याची उमेद ज्या विश्वासाने दिली, तो विश्वास इमारतीवर टेकलेला नव्हता हे उघड आहे.

धनजीभाई स्कॉटलंडात शिकून १८४६ साली दीक्षित झाले. डॉ. विल्सन ह्यांनी त्याच साली इसाबेला डेनिस्टन ह्या बाईंशी विवाह केला, आणि १८४७ साली ते पुन्हा मुंबईस आले.

वेगळ्या दाराने, एका मनाने

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो जिच्याकरिता हे चरित्र मुख्यतः लिहिले. मंडळी फुटल्यावर तुटलेल्या बंधूंशी डॉ. विल्सन कसे वागले?

मुंबईत डॉ. जॉन स्टीव्हन्सन नावाचे एक विद्वान गृहस्थ होते. ते पूर्वी त्याच स्कॉटिश मिशनचे मिशनरी होते. पुढे राजमान्य मंडळीचे चॅप्लेन झाले, आणि १८४३ साली आपल्या जुन्या मंडळीतच राहिले. म्हणजे फुटीच्या रेषेच्या एका बाजूस डॉ. विल्सन व दुसऱ्या बाजूस डॉ. स्टीव्हन्सन. एका शहरात, एका भाषेचे, एकेकाळचे सोबती. पाण्यात पाहण्यास ह्याहून अधिक निमित्त लागत नाही. परंतु १८४८ साली मुंबई इलाख्यातील कोरीव लेण्यांचा शोध घेण्याकरिता एक कमिशन नेमण्यात आले, त्याचे अध्यक्ष डॉ. विल्सन होते व उपाध्यक्ष डॉ. स्टीव्हन्सन होते. आपल्या मुळशीच्या शेजारी मावळात कार्ल्याची लेणी आहेत. तेथील शिलालेख वाचण्याच्या कामी डॉ. स्टीव्हन्सन ह्यांनी श्रम केले, आणि डॉ. विल्सन ह्यांनी इलाख्यातील लेण्यांचे वर्णन लिहून काढले. ज्यांची मंडळी दुभंगली होती ते दोघे एका मेजाशी बसून एकमेकांच्या विद्वत्तेचा मान राखीत काम करीत होते. उपासनेची दारे निराळी झाली म्हणून बोलणे-चालणे टाकावे, हा नियम त्यांनी मानला नाही.

इतर मिशनांशीही त्यांचे वर्तन असेच होते. मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर व शुद्धीकरण हे काम निरनिराळ्या मिशनांतील लोकांनी मिळून केले, आणि त्यात डॉ. विल्सन ह्यांचा हात होता. आज आपण जे शास्त्र उशाशी ठेवतो त्याच्या पाठीमागे अशा सहकार्याची परंपरा आहे. अमेरिकन मिशनच्या माणसाने एक शब्द सुचविला, स्कॉटिश मिशनच्या माणसाने तो तपासला, आणि शेवटी तो सर्वांचा झाला. मंडळ्यांचे तट पडले तरी शास्त्र एकच राहिले, हे आम्ही देवाचे मोठे उपकार समजतो.

बाबा पदमनजी ह्यांचे नाव कोणास माहीत नाही? ते मुंबईत फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले. १८५४ साली बेळगाव येथे लंडन मिशनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे पुण्यात ते फ्री चर्चचे पाळक झाले. आणि त्यांच्या लेखणीचा लाभ सर्व मिशनांच्या लोकांनी घेतला. एका मंडळीच्या अंगणात पेरलेले बी दुसरीच्या अंगणात उगवले आणि तिसरीने त्याची सावली घेतली. ह्याचा हेवा डॉ. विल्सन ह्यांच्या पिढीने केला नाही.

विल्सनसाहेब सौम्य स्वभावाचे व वाद टाळणारे होते असे मात्र कोणी समजू नये. हिंदू पंडित व पारशी दस्तूर ह्यांच्याशी त्यांनी जाहीर वाद केले, ग्रंथ लिहिले व तिखट उत्तरे दिली. सत्य म्हणून जे त्यांस दिसले ते त्यांनी कोणाच्या भिडेस्तव सोडले नाही. फ्री चर्चकडे जाण्याचा निर्णयही त्यांनी कधी मागे घेतला नाही. म्हणून त्यांची प्रीती ही दुबळ्या माणसाची तडजोड नव्हती. मतास घट्ट आणि माणसास धरून, असे दोन्ही एका अंतःकरणात राहू शकते, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले.

उत्तरवय

पुढील वर्षांत त्यांचा लौकिक वाढत गेला. १८५७ साली मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाले, त्याच्या उभारणीत त्यांचा भाग होता, व १८६८ साली ते त्याचे कुलगुरू झाले. १८७० साली फ्री चर्चने त्यांस आपल्या महासभेचे सभापती नेमले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. फ्री चर्च व युनायटेड प्रेसबिटेरियन मंडळी ह्यांनी एक व्हावे म्हणून १८६३ पासून बोलणी चालली होती, आणि त्या बोलण्यांच्या ऐन भरात हा हिंदुस्थानचा वृद्ध मिशनरी त्या आसनावर बसला. परंतु फ्री चर्चमधील एका गटाचा विरोध इतका तीव्र झाला की, ऐक्य साधावयास जावे तर नवी फूट पडेल अशी स्थिती आली, व १८७३ साली ती बोलणी थांबवावी लागली.

लगेच दुसऱ्या वर्षी, १८७४ साली, पार्लमेंटने राजमान्य मंडळीतील जमीनदारांचा तो हक्क कायद्याने रद्द केला. ज्या कारणाकरिता १८४३ साली घरेदारे सोडली ते कारण एकतीस वर्षांनी नाहीसे झाले. तरी मंडळ्या एक झाल्या नाहीत. तोवर दोन्हीकडे निराळी मंदिरे झाली होती, निराळे निधी, निराळ्या समित्या व निराळ्या आठवणी झाल्या होत्या. कारण मेले, पण तट जिवंत राहिला.

ता. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईत डॉ. विल्सन ह्यांनी देह ठेवला. मध्यंतरीची काही वर्षे वगळता त्यांनी सेहेचाळीस वर्षांचा काळ ह्या देशास दिला. ज्या भूमीत मार्गारेटबाईंस ठेवले होते त्याच मुंबईच्या भूमीत त्यांचाही देह विसावला.

त्यांच्या पश्चात काय झाले

त्यांनी जे पाहिले नाही ते आपण पाहिले आहे, म्हणून तेही सांगितले पाहिजे. १९०० साली फ्री चर्च व युनायटेड प्रेसबिटेरियन मंडळी एक झाल्या. परंतु फ्री चर्चमधील मूठभर लोक बाहेर राहिले व मालमत्तेकरिता न्यायालयात गेले. १९०४ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाने सर्व मालमत्ता त्या मूठभरांची ठरविली. ज्या लहान गटास इतकी मंदिरे व विद्यालये चालविता येणेच शक्य नव्हते त्याच्या हाती ती गेली, आणि १९०५ साली पार्लमेंटला कायदा करून तिची वाटणी करावी लागली. ज्या मंडळीने १८४३ साली मालमत्ता सोडून जगास आश्चर्यचकित केले, तिच्याच लेकरांनी साठ वर्षांनी मालमत्तेकरिता जगास तमाशा दाखविला. शेवटी १९२९ साली राजमान्य मंडळी व युनायटेड फ्री चर्च एक झाल्या. एका सकाळी पडलेली फूट भरून येण्यास शहाऐंशी वर्षे लागली, आणि तिचे कारण नाहीसे झाल्यावरही पंचावन्न वर्षे गेली.

आपल्या देशात वडिलांनी लवकर शहाणपण धरले. १९२४ साली प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. आणि ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, संयुक्त मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट व डिसायपल्स अशा सहा परंपरांच्या मंडळ्यांनी एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापिली. हे ऐक्य कोठे जाहीर झाले? नागपुरास. ज्या नागपुरात स्कॉटिश मिशनचे काम फुटीनंतरच्या त्या दरिद्री दिवसांत, डॉ. विल्सन ह्यांच्या आग्रहाने सुरू झाले, त्याच शहरात. माणसांनी फाडलेल्या वस्त्राचा तुकडा देव कोठे नेऊन कोणत्या वस्त्रास जोडील, हे माणसास कळत नाही.

आपण काय घ्यावे

प्रिय वाचकहो, ह्या चरित्रातून आपल्या गावच्या मंडळ्यांनी चार गोष्टी घ्याव्या असे आम्हांस वाटते.

पहिली ही की, मतभेद होणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. ज्याचे मत आपल्याहून निराळे आहे त्याचा बाप्तिस्मा खोटा ठरत नाही व त्याची प्रार्थना देवाच्या कानी पडत नाही असे होत नाही. डॉ. स्टीव्हन्सन ह्यांच्याशी डॉ. विल्सन जसे वागले तसे आपण आपल्या मंडळीतील दुसऱ्या बाजूच्या बंधूशी वागावे. त्याच्या घरी दुखणे आले तर जावे, लग्न असेल तर अक्षता टाकाव्या, मयत झाली तर खांदा द्यावा.

दुसरी ही की, मंदिराची जागा मोलाची आहे, परंतु मंडळीहून मोलाची नाही. वडिलांनी दिलेल्या ठेवीची व्यवस्था नीट राखावी, हिशेब उघडे ठेवावे, कागद सांभाळावे. हे सर्व योग्यच आहे. परंतु जेथे किल्लीकरिता भावाच्या अंगावर हात टाकण्याची वेळ येईल, तेथे किल्ली टाकून द्यावी व झाडाखाली उपासना करावी. मुंबईतील ती मंडळी भाड्याच्या जागेत बारा वर्षे जगली व वाढली, आपणही जगू.

तिसरी ही की, दूरचे भांडण आपल्या गावात ओढून आणू नये. शहरातील दोन पुढाऱ्यांचे पटत नाही म्हणून गावातील दोन घरांनी एकमेकांच्या विहिरीचे पाणी वर्ज्य करण्याचे कारण नाही. ज्याचे कारण आपल्या मातीत नाही ते भांडण आपल्या मातीत पेरू नये. रविवारची उपासना, मुलांची शास्त्रशाळा, आजाऱ्यांच्या भेटी व प्रभुभोजन ही चालू राहिली म्हणजे मंडळी चालू राहिली असे समजावे.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. तुटण्यापूर्वी नातवंडांचा विचार करावा. कारण एका दिवसात तुटता येते. जुळण्यास तीन पिढ्या लागतात. आज ज्या कारणाकरिता आपण वेगळी चूल मांडू, ते कारण पुढे आपल्या नातवंडांस आठवणारही नाही, पण ती वेगळी चूल त्यांच्या वाट्यास येईल. विवेकबुद्धीने खरोखरच दुसरा मार्ग ठेवला नसेल तर गोष्ट निराळी, तेव्हाही डॉ. विल्सन ह्यांच्यासारखे रिकाम्या हातांनी व द्वेषरहित अंतःकरणाने निघावे. परंतु मानपान, निवडणूक, पद किंवा पैसा ह्यांकरिता तुटणाऱ्यास ह्या सत्पुरुषाच्या चरित्राचा आधार मुळीच मिळणार नाही.

धरून ठेवण्याच्या दिवशी प्रभू आपल्या सर्वांस बळ देवो, सोडून देण्याच्या दिवशी मोकळे मन देवो, आणि ह्या दोन दिवसांतील भेद ओळखण्याची सुबुद्धी नेऱ्यापासून नागपुरापर्यंत आपल्या लहानमोठ्या सर्व मंडळ्यांस देवो.